डेव्हिड बटलर कसे वाचावेत: एका निवडणूक-अभ्यासकाची कारकीर्द आणि त्यांचे ग्रंथ

मतमोजणीच्या दिवशी दूरचित्रवाणीवर ‘पाच टक्क्यांचा स्विंग’ हा शब्दप्रयोग आपण सर्रास ऐकतो. तो कोणी रूढ केला आणि त्याचे गणित नेमके कसे मांडायचे, हे मात्र राज्यशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यालाही बहुधा सांगता येत नाही. ऑक्सफर्डच्या नफील्ड कॉलेजात जवळजवळ सारे आयुष्य काढलेले डेव्हिड बटलर (१९२४–२०२२) हे या संकल्पनेचे जनक. त्यांचे लेखन विपुल आहे आणि त्यातले बरेचसे सहलेखकांबरोबर केलेले आहे. आरंभ कोठून करावा हे कळले नाही, तर वाचक पहिल्याच जाडजूड खंडात अडकतो. म्हणून हे लेखन कोणत्या क्रमाने वाचावे, कशावर वेळ द्यावा, काय चाळून सोडावे आणि त्यातली पद्धत हाताखालून कशी घालावी, याचे मार्गदर्शन येथे केले आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की बटलर मुखपृष्ठाकडून वाचू नयेत, परिशिष्टाकडून वाचावेत आणि वाचताना हातात पेन्सिल असावी.

कारकिर्दीतले चार टप्पे ध्यानात ठेवावेत

चरित्राचा तपशील पाठ करण्याची गरज नाही, पण ग्रंथ कळण्यापुरते चार टप्पे डोक्यात पक्के असले पाहिजेत. पहिला टप्पा घडणीचा. वडील लॅटिनचे प्राध्यापक, आजोबा ए. एफ. पोलार्ड हे नावाजलेले इतिहासकार, शिक्षण ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात. मध्येच दुसरे महायुद्ध आले आणि त्यांनी रणगाडा-दलात अधिकारी म्हणून काम केले. परत आल्यावर, विशीत असतानाच, त्यांनी १९४५ च्या ब्रिटिश सार्वत्रिक निवडणुकीवरच्या मॅकॅलम आणि रीडमन यांच्या ग्रंथाला (१९४७) आकडेवारीचे परिशिष्ट जोडले. त्या काळी निकालात उमेदवारांची नुसती मते छापली जात, टक्केवारी काढून कोणी देत नसे. बटलर यांना क्रिकेटच्या सरासऱ्यांची मनापासून आवड होती, आणि तीच नजर त्यांनी मतांकडे वळवली.

दुसरा टप्पा १९५० पासूनचा. ब्रिटनमध्ये निवडणुकीचे निकाल दूरचित्रवाणीवरून प्रथमच दाखवले गेले, तेव्हा बीबीसीच्या पडद्यावर विश्लेषणाला पंचवीस वर्षांचे बटलर होते. १९७९ पर्यंत त्यांनी ते काम केले. तिसरा टप्पा ग्रंथमालेचा: १९५१ पासून २००५ पर्यंतच्या प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीवरच्या नफील्ड ग्रंथाचे ते लेखक किंवा सहलेखक होते. चौथा टप्पा ब्रिटनबाहेरच्या कामाचा, त्यात ऑस्ट्रेलिया आणि भारत हे दोन देश महत्त्वाचे. १९९४ मध्ये ते ब्रिटिश अकादमीचे फेलो झाले आणि २०११ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. त्यांच्यावर चरित्रात्मक नोंद लिहायची झाल्यास तीत एवढे मानसन्मान पुरेत.

आधी झुकाव स्वतः काढावा

ग्रंथ उघडण्यापूर्वी स्विंग, म्हणजे मतांचा झुकाव, एकदा स्वतःच्या हाताने काढून पाहावा. त्यासाठी १९७९ ची निवडणूक घ्यावी, कारण तिचे आकडे सुटसुटीत आहेत. वहीत दोन ओळी आखाव्यात, एक हुजूर पक्षाची आणि दुसरी मजूर पक्षाची. पहिल्या रकान्यात ऑक्टोबर १९७४ ची मतांची टक्केवारी लिहावी: हुजूर ३५.८, मजूर ३९.२. दुसऱ्या रकान्यात १९७९ ची: हुजूर ४३.९, मजूर ३६.९. तिसऱ्या रकान्यात फरक मांडावा. हुजूर पक्षाला ८.१ ची वाढ, मजूर पक्षाला २.३ ची घट. वाढ आणि घट यांची बेरीज १०.४, तिचे निम्मे ५.२. मार्गारेट थॅचर यांना सत्तेवर आणणारा झुकाव तो हाच.

निम्मे का करायचे, हा प्रश्न वर्गात हमखास येतो आणि त्याचे उत्तर दिल्याशिवाय पुढे जाऊ नये. शंभर मतदारांपैकी पन्नास एका बाजूला आणि पन्नास दुसऱ्या बाजूला आहेत, अशी कल्पना करावी. त्यातला एकच मतदार पलीकडे गेला, तर एकीकडे एक्कावन्न आणि दुसरीकडे एकोणपन्नास होतात. माणूस एक हलला, पण अंतर दोनांचे पडले. अंतराचे निम्मे केले की हललेल्या माणसांचा निव्वळ आकडा हाती येतो.

आता हेच गणित मतदारसंघाला लावावे. झुकाव सगळीकडे सारखाच आहे असे धरले, तर ५.२ टक्क्यांच्या झुकावाला मजूर पक्षाचे १०.४ टक्क्यांपेक्षा कमी मताधिक्य असलेले मतदारसंघ हातचे जाणार. निवडणुकीच्या रात्री पहिले दहा-बारा निकाल हाती येताच पूर्ण देशाचा अंदाज बांधता येतो, तो या सरळ हिशेबामुळे. ब्रिटिश दूरचित्रवाणीवर अर्धवर्तुळावर काटा फिरवून दाखवणारे जे ‘स्विंगोमीटर’ प्रसिद्ध झाले, त्याच्या पोटात याहून वेगळे काही नाही.

या मापाला एक पर्यायही आहे, आणि तो माहीत नसला तर पुढच्या खंडांमधली कोष्टके गोंधळात टाकतात. मायकेल स्टीड यांनी तिसऱ्या पक्षाची मते बाजूला ठेवून, फक्त दोन मोठ्या पक्षांच्या मतांची बेरीज शंभर धरून झुकाव काढण्याची रीत वापरली. १९७४ ला ३५.८ आणि ३९.२ मिळून ७५. त्यात हुजूर पक्षाचा वाटा ४७.७ टक्के. १९७९ ला ४३.९ आणि ३६.९ मिळून ८०.८, त्यात त्यांचा वाटा ५४.३ टक्के. झुकाव आला ६.६. निवडणूक तीच, मते तीच, पण उत्तर ५.२ ऐवजी ६.६. म्हणून कोष्टकाखालची बारीक अक्षरातली टीप वाचल्याशिवाय आकडा उचलू नये.

ही चूक माझ्याकडूनही घडलेली आहे. १९९७ चा टोनी ब्लेअर यांचा विजय शिकवण्यासाठी मी १९९२ आणि १९९७ चे आकडे दोन वेगवेगळ्या ग्रंथांतून घेतले आणि झुकाव काही केल्या छापील आकड्याशी जुळेना. दुपार त्यात गेली, तेव्हा कळले की एका ग्रंथातले आकडे उत्तर आयर्लंडसह संपूर्ण युनायटेड किंगडमचे होते आणि दुसऱ्यातले फक्त ग्रेट ब्रिटनचे. उत्तर आयर्लंडचे पक्षच निराळे असल्यामुळे तो प्रदेश धरला तर मोठ्या पक्षांची टक्केवारी थोडी खाली येते. संपूर्ण युनायटेड किंगडमचे आकडे घेतले तर १९९७ चा झुकाव १०.० येतो आणि ग्रेट ब्रिटनचे घेतले तर १०.२. दोन्ही बरोबर आहेत. त्यांची सरमिसळ मात्र चूक आहे.

परिशिष्टातून मजकुराकडे

एवढी तयारी झाली की १९५१ च्या निवडणुकीवरचा ग्रंथ हाती घ्यावा. बटलर यांनी एकट्याने लिहिलेला हा या मालेतला पहिला खंड, आणि त्याचा विषयच असा आहे की आकड्यांची शिस्त नसलेला माणूस त्यात फसावा. त्या निवडणुकीत मजूर पक्षाला ४८.८ टक्के म्हणजे सुमारे १ कोटी ३९ लाख मते पडली, हुजूर आणि त्यांच्या मित्रांना ४८ टक्के म्हणजे सुमारे १ कोटी ३७ लाख. तरीही जागा हुजूर पक्षाला ३२१ आणि मजूर पक्षाला २९५. जास्त मते मिळवणारा पक्ष विरोधात बसला आणि विन्स्टन चर्चिल पुन्हा पंतप्रधान झाले.

येथे झुकाव काढून पाहावा. १९५० मध्ये मजूर पक्षाला ४६.१ आणि हुजूर पक्षाला ४३.४ टक्के मते होती. म्हणजे १९५१ ला दोघांचीही मते वाढली: मजूर २.७ ने, हुजूर ४.६ ने. दोन्हीकडे वाढ असेल तेव्हा बेरीज न करता वजाबाकी करायची, ४.६ मधून २.७ गेले, उरले १.९, त्याचे निम्मे एक टक्क्याहून किंचित कमी. पण दोघांची मते वाढली ती आली कोठून? १९५० मध्ये लिबरल पक्षाने ४७५ उमेदवार उभे केले होते, १९५१ मध्ये अवघे १०९. ज्यांच्या मतदारसंघात आपला उमेदवारच उरला नाही, त्या लिबरल मतदारांना दोन मोठ्या पक्षांतून निवड करणे भाग पडले. हे कळले की झुकावाच्या आकड्याची मर्यादाही कळते. तो निव्वळ फरक सांगतो. कोण कोठून कोठे गेला, कोण घरी बसला, हे तो सांगत नाही.

नफील्ड मालेतला कोणताही खंड वाचताना मी हाच क्रम पाळतो. आधी शेवटची परिशिष्टे, मग निकालाचे प्रकरण, मग मतचाचण्यांचे आणि वृत्तपत्रांचे, आणि सर्वांत शेवटी प्रचाराची हकिकत. प्रचाराचे प्रकरण आधी वाचले की नेत्यांच्या भाषणांचे वजन मनावर बसते आणि निकाल त्या भाषणांमुळेच लागला असे वाटू लागते. आकडे आधी पाहिले की प्रचाराचा किती आवाज झाला आणि मते प्रत्यक्षात किती हलली, यातले अंतर उघड दिसते. या मालेचे मोल मला असे वाटते की निवडणूक संपल्यानंतर थोड्याच अवधीत, सहभागी माणसांच्या आठवणी ताज्या असताना, तिची नोंद करण्याची शिस्त तिने अर्धशतकाहून जास्त काळ टिकवली. सगळे पंधरा खंड वाचण्याची कोणावर सक्ती नाही. १९५१, फेब्रुवारी १९७४, १९७९ आणि १९९७ हे चार पुरेसे आहेत; फेब्रुवारी १९७४ अशासाठी की तेव्हा संसद त्रिशंकू झाली आणि जुने द्विपक्षीय गणित पहिल्यांदा उघडपणे डळमळले.

घनाचा नियम: एक उपयोगी सापळा

१९५० च्या निवडणुकीच्या तोंडावर बटलर यांनी ‘द इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकात निनावी लेख लिहून ‘घनाचा नियम’ मांडला. दोन पक्षांच्या मतांचे जे गुणोत्तर, त्याचा घन केला की जागांचे गुणोत्तर मिळते, असा तो नियम. कल्पना त्यांची नव्हती, विसाव्या शतकाच्या आरंभीची होती. त्यांनी ती धुळीतून काढून वापरात आणली. तो लेख वाचून चर्चिल यांनी या तरुण संशोधकाला चार्टवेल येथील आपल्या घरी बोलावून घेतले.

नियम पडताळायचा तर १९५५ घ्यावे. हुजूर ४९.७, मजूर ४६.४, गुणोत्तर १.०७, त्याचा घन सुमारे १.२३. जागा ३४५ आणि २७७, गुणोत्तर सुमारे १.२५. छान जुळते. आता १९५१ घ्यावे: मतांत मजूर पुढे, म्हणून नियमाने जागांतही मजूरच पुढे असायला हवे होते. नियम तेथे साफ कोसळतो, कारण मजूर पक्षाची मते खाणकामगारांच्या आणि कारखान्यांच्या मतदारसंघांत प्रचंड मताधिक्याच्या रूपाने साचून राहत. मतांचा भूगोल नियमाला जुमानत नाही. विद्यार्थ्यांनी दोन्ही उदाहरणे शेजारीशेजारी मांडावीत. एकटे १९५५ दाखवणे ही दिशाभूल ठरेल.

सावकाश वाचायचा ग्रंथ

बटलर यांचा सर्वांत वजनदार ग्रंथ कोणता, असे विचारले तर मी अमेरिकन अभ्यासक डोनाल्ड स्टोक्स यांच्याबरोबरच्या ‘पोलिटिकल चेंज इन ब्रिटन’ (१९६९) याचे नाव घेईन. या ग्रंथात ते निकालाच्या कोष्टकांपासून प्रत्यक्ष मतदाराकडे वळले. १९६३, १९६४ आणि १९६६ मध्ये त्याच त्याच मतदारांना पुन्हा पुन्हा भेटून प्रश्न विचारण्यात आले. त्यामुळे निव्वळ झुकावाच्या आड किती माणसे दोन्ही दिशांनी ये-जा करतात, हे प्रथमच इतक्या स्पष्टपणे दिसले. पक्षनिष्ठा आईवडिलांकडून कशी येते, वर्ग तिला कसे वळण देतो आणि जुनी पिढी काळाआड जाऊन नवी पिढी मतदार झाली की कोणी मत न बदलताही देशाचा कौल कसा बदलतो, हा या ग्रंथाचा गाभा आहे. शेवटचा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो, कारण पक्षाचा टक्का घसरला की ‘लोकांनी पाठ फिरवली’ असे आपण लगेच म्हणतो. त्या लोकांपैकी कित्येकजण हयातच नसतात.

हा ग्रंथ आठवड्याला एक प्रकरण या गतीने वाचावा. प्रत्येक कोष्टकाखाली ‘यातून काय सिद्ध होते’ आणि ‘काय सिद्ध होत नाही’ अशा दोन ओळी स्वतःच्या शब्दांत लिहाव्यात. १९७४ मध्ये याची दुसरी आवृत्ती निघाली. ग्रंथालयात दोन्ही मिळाल्या तर दुसरी घ्यावी, पण संदर्भ देताना आवृत्तीचे वर्ष न विसरता लिहावे.

याउलट ‘ब्रिटिश पोलिटिकल फॅक्ट्स’ हा संदर्भग्रंथ वाचायचा नसून हाताशी ठेवायचा आहे. जेनी फ्रीमन यांच्याबरोबर १९६३ मध्ये त्याची पहिली आवृत्ती निघाली. पुढच्या काही आवृत्त्यांवर बटलर यांचे पुत्र गॅरेथ यांचेही नाव आहे. मंत्रिमंडळे, खातेपालट, निकाल अशी कोणतीही तारीख आठवणीवर न सोडता यातून तपासून घेण्याची सवय लावावी.

भारताकडे येताना माप बदलावे लागते

मराठी वाचकाला सर्वांत जवळचे बटलर म्हणजे अशोक लाहिरी आणि प्रणय रॉय यांच्यासह भारतीय निवडणुकांवर काम करणारे बटलर. तिघांचा आकडेवारीचा संग्रह १९८४ मध्ये आला आणि पुढे ‘इंडिया डिसाइड्स’ या नावाचा ग्रंथ निघाला. ब्रिटनची दुपक्षी मोजपट्टी भारताला जशीच्या तशी लावता येणार नाही, हे या लेखकांनी ओळखले. येथे निकाल दोन गोष्टींनी ठरतो: मते किती हलली आणि विरोधक किती एकवटले. दुसऱ्या गोष्टीसाठी ‘विरोधी ऐक्याचा निर्देशांक’ वापरला जातो. विरोधातल्या सर्वांत मोठ्या पक्षाची मते भागिले विरोधकांची एकूण मते, गुणिले शंभर. सगळे विरोधक एकाच झेंड्याखाली असतील तर निर्देशांक शंभर. मतविभागणी जितकी अधिक, तितका तो खाली.

हा निर्देशांक अंगवळणी पडण्यासाठी महाराष्ट्रातल्या १९९८ आणि १९९९ च्या लोकसभा निवडणुकांइतके चांगले उदाहरण मला सापडलेले नाही. शिवसेना-भाजप युतीला १९९८ मध्ये सुमारे ४२ टक्के मते आणि ४८ पैकी १० जागा मिळाल्या. १९९९ मध्ये युतीची मते सुमारे ३८ टक्क्यांवर घसरली आणि जागा झाल्या २८. चार टक्के मते गमावून अठरा जागांची कमाई. मधल्या काळात शरद पवार यांनी काँग्रेसमधून बाहेर पडून राष्ट्रवादी काँग्रेसची स्थापना केली होती आणि दोन्ही काँग्रेस एकमेकींविरुद्ध लढल्या.

युती ही एक बाजू आणि बाकी सगळे तिचे विरोधक असे धरून हिशेब करावा. १९९८ मध्ये युतीबाहेरची मते सुमारे ५८ टक्के, त्यातली काँग्रेसची सुमारे ४३.६, निर्देशांक ७५. १९९९ मध्ये युतीबाहेरची मते सुमारे ६२ टक्के, त्यातली काँग्रेसची सुमारे २९.७; निर्देशांक ४८. मतांचा झुकाव युतीच्या विरोधात गेला होता, पण विरोधी ऐक्य पंचाहत्तरवरून अठ्ठेचाळीसवर आले आणि निकाल उलटा फिरला. १९५१ च्या लिबरल उमेदवारांचे उदाहरण येथे शेजारी ठेवून पाहावे: तेथे तिसरा पक्ष आखाड्यातून बाहेर गेला, येथे नवा पक्ष आखाड्यात उतरला, आणि दोन्ही ठिकाणी नुसत्या टक्केवारीने चकवा दिला. बटलर यांच्या १९४७ च्या परिशिष्टापासून भारतावरच्या ग्रंथापर्यंतचा धागा पकडायचा तर याच दोन कोष्टकांवर दिवसभर घालवावा.

उरलेले ग्रंथ आणि नोंद लिहिण्याची रीत

बाकीचे लेखन गरजेनुसार निवडावे. सार्वमताचा अभ्यास असेल तर ऑस्टिन रॅनी यांच्यासह संपादित केलेला १९७८ चा ग्रंथ आणि युरोपीय बाजारपेठेत राहण्याविषयीच्या १९७५ च्या ब्रिटिश सार्वमतावरचा उवे किट्सिंगर यांच्यासह लिहिलेला ग्रंथ पाहावा. सार्वजनिक धोरणाच्या विद्यार्थ्याने अँड्र्यू अडोनिस आणि टोनी ट्रॅव्हर्स यांच्याबरोबरचा, थॅचर सरकारच्या ‘पोल टॅक्स’च्या फजितीवरचा १९९४ चा ग्रंथ चुकवू नये. माणशी सरसकट कर लावण्याची कल्पना मंत्री, सनदी अधिकारी आणि तज्ज्ञ यांच्या हातून एकेक पायरी पार करत कायदा कशी बनली, हे त्यात संयमाने उलगडले आहे.

शेवटी या सगळ्यावर टिपण किंवा चरित्रात्मक नोंद लिहायची झाल्यास ग्रंथांची यादी कालक्रमाने न लावता कामाच्या प्रकारानुसार लावावी: निवडणुकांचे खंड वेगळे, मतदारांचा अभ्यास वेगळा, संदर्भग्रंथ वेगळे, परदेशी निवडणुका वेगळ्या. प्रत्येक ग्रंथापुढे सहलेखकाचे नाव न चुकता द्यावे, कारण नफील्ड मालेतले १९५१ आणि १९५५ चे खंडच काय ते त्यांनी एकट्याने लिहिले. १९५९ ला रिचर्ड रोझ, १९६४ आणि १९६६ ला अँथनी किंग, १९७० ला मायकेल पिंटो-दुशिन्स्की आणि १९७४ पासून डेनिस कॅव्हना हे बरोबरीचे लेखक आहेत. नावांचा क्रमही मुखपृष्ठावर असेल तोच ठेवावा. २००५ च्या खंडावर कॅव्हना यांचे नाव आधी आणि बटलर यांचे नंतर आहे, तेव्हा नोंदीतही ते तसेच लिहावे.